थोरलीतून निघालेला फोटो

रिक्षा कलंडली तेव्हा सुजाता खाली होती आणि मी तिच्या अंगावर. मला उठता येईना. पाय सीटच्या नळीत अडकलेला, तोंडात माती गेलेली. खालून तिचा आवाज आला,

"आई, तुमाला लागलं का?"

"मला न्हाई लागलं. तुला?"

ह्याचं उत्तर आलं नाही.

रिक्षावाला दत्तू पुढून कसाबसा बाहेर पडला आणि माझं बखोट धरून ओढायला लागला. मी म्हणाले, "मला सोड, आधी तिला काढ." तो रडवेला होऊन म्हणाला, "मावशी, तुमी निघाल्याबिगर तिला कशी काढू?" त्याचं बरोबर होतं. वाटेत मीच होते. मला रस्त्याकडेला बसवलं, चार माणसांनी रिक्षा उचलून सरळ केली. सुजाताच्या तोंडावर ओरखडा नव्हता. डोळे उघडे होते आणि त्यात धूळ जात होती, तरी ती डोळे मिटत नव्हती. मी सरकत जवळ गेले आणि पदराच्या टोकानं तिचं कपाळ पुसलं. दुसरं काही करण्यासारखं राहिलंच नव्हतं.

सुजाता माझी सून. माझ्या एकुलत्या एका मुलाची, मिलिंदची बायको.

आता मला जे लिहायचं आहे ते अपघाताबद्दल नाही. अपघात रोज होतात. मला लिहायचं आहे ते त्या आठवड्यात आमच्या घरातल्या प्रिंटरमधून निघालेल्या एका कागदाबद्दल. तुमच्या ह्या सदरात लोक लिहितात ते मी वाचते – कुणाला वडाखाली बाई दिसली, कुणाच्या मागून घुंगरं वाजत आली. मी वाचते आणि हसते. मी चौथी शिकलेली बाई आहे, पण माझ्या वडलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते, ते मी लहानपणी सारखं ऐकलेलं आहे. भूत नाही, आत्मा नाही, पितर नाहीत, कावळ्याला घास नाही. मेलेलं माणूस परत येत नाही. हे मी आजही मानते. त्यामुळं पुढं जे सांगणार आहे ते कुठं बसवायचं, ते मलाच कळलेलं नाही. मी कागदावर लिहून दिलंय, मिलिंदनं टाईप करून पाठवलंय. त्यानं एकही शब्द बदललेला नाही, मी वाचून बघितलंय.

आम्ही कळंबला राहतो. घर पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडं आत. पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं मोठी खिडकी आहे. मिलिंद चाकणला कंपनीत, सकाळी बसनं जातो तो अंधार पडल्यावर येतो. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघीच. मूलबाळ झालं नाही त्यांना. सुरुवातीला एक-दोन बायका त्यावरून बोलायला आल्या होत्या. मी त्यांना चहा न देता वाटेला लावलं. सुजाता आतून ऐकत होती. त्या दिवसापासून माझ्या भाकरीवर ती तूप लावायला लागली. डॉक्टरनं नको म्हटलेलं असताना.

ती लोणीची. बारावी झालेली, आणि हाताला स्वस्थपणा नव्हता. मिलिंदनं कुणाकडून तरी जुना कॉम्प्युटर आणि जुना प्रिंटर आणला, आणि तिनं पुढच्या खोलीत झेरॉक्स सुरू केलं. सातबारा, आधारकार्ड, शाळेचे कागद. तो प्रिंटर काळ्या रंगाचा, फक्त काळंच छापणारा, अंगानं मोठा. सुरू केला की आधी घरघर करायचा, मग एकदम खाकरल्यासारखा आवाज काढून कागद बाहेर टाकायचा. मी म्हणायचे, "ह्याला दमा हाय गं." ती म्हणायची, "दमा असू द्या, थकत तर न्हाई ना."

मग लोक फोटो मागायला लागले, रंगीत लग्नपत्रिका मागायला लागले. तेव्हा तिनं दुसरा प्रिंटर घेतला. पांढरा, नाजूक, बाटलीतून चार रंगांची शाई पिणारा. एकाच कॉम्प्युटरला दोन प्रिंटर जोडायचे म्हणजे सोपं असेल असं मला वाटलं होतं. एका बोर्डाला दोन बल्ब लावतो तसं. तसं नसतं. ती दिवसभर त्याच्यापुढं बसली होती. वायर लावली, कॉम्प्युटर म्हणाला ओळखत नाही. काढली, दुसऱ्या भोकात लावली. मग ओळखलं, पण जुन्याला विसरला. जुन्याची ओळख पटवली तर नव्याचा रंग येईना. संध्याकाळी दोन्ही चालू झाले तेव्हा तिनं मला हाक मारली आणि दोन्हीतून एकेक कागद काढून दाखवला, लेकरू दाखवावं तसा.

खरी मजा त्यानंतर सुरू झाली. कॉम्प्युटरमध्ये दोन प्रिंटर असले की एकावर हिरवी खूण असते. तुम्ही काही सांगितलं नाही तर कागद त्या खुणेवाल्याकडं जातो. आणि आमचा कॉम्प्युटर ती खूण स्वतःच्या मनानं इकडून तिकडं सरकवायचा. शेवटी ज्याच्यातून काढलं, त्याच्यावर खूण. सुजाताच्या ध्यानात राहायचं नाही. मग सातबारा रंगीत शाई खाऊन निघायचा आणि फोटो काळा यायचा. एकदा बारशाच्या फोटोंचा सगळा गठ्ठा काळा निघाला. बाळाची आजी खिडकीतून तो बघून म्हणाली,

"आगं, आमचं पोरगं कुठाय ह्यात?"

"हे काय, मधी," सुजाता म्हणाली.

"हे? हा तर कोळशाचा ढिगारा दिसतोय."

मी आतून म्हणाले, "मग लई फुंकू नका, पेट घेईल." ती बाई अशी हसली की परत रंगीत काढून देईपर्यंत खिडकीत बसूनच राहिली.

त्याच दिवशी मी सुजाताला म्हणाले, "ह्या कॉम्प्युटरनं दोन बायका केल्यात. एका घरात दोघी म्हटल्यावर हे असंच चालायचं. तू त्यांना नावं तरी ठेव, म्हंजे हाक कुणाला मारायची ते त्याला कळंल." मी चेष्टेनं बोलले होते. पण प्रिंटरला कॉम्प्युटरमध्ये आपल्या मनानं नाव देता येतं, हे तिला माहीत होतं. तिनं मराठीत लिहिलं. काळ्याचं नाव थोरली, पांढऱ्याचं धाकटी. तेव्हापासून घरात हीच नावं चालली. गिऱ्हाईकसुद्धा म्हणायचे, "वहिनी, थोरलीतनं काढा, सादंच पायजे." चुका कमी झाल्या. छापायच्या आधी ती मोठ्यानं म्हणायची, "धाकटी," आणि मग बटण दाबायची.

ह्या पावसाळ्यात उंदरानं थोरलीची वायर कुरतडली. कॉम्प्युटरपासून थोरलीपर्यंत जाणारी वायर. मधोमध, आतल्या तारा दिसतील अशी, आणि मग पुरतीच तोडली. दोन तुकडे. त्यातला एक तुकडा मीच उचलून केरात टाकला, म्हणून ठामपणे सांगते. थोरलीला लाईट होती, पण कॉम्प्युटरशी काही संबंध उरला नव्हता. नुसती झेरॉक्सला उपयोगी. काचेवर कागद ठेवायचा, झाकण लावायचं, हिरवं बटण दाबायचं. तेवढं मलाही येतं. नवीन वायर मंचरहून आणायची होती, ती राहत गेली.

त्याच दिवसांत मला मंचरला डॉक्टरकडं नेलं होतं. छातीत जड व्हायचं. डॉक्टरनं मशीनवर बघितलं, मिलिंदला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मी म्हणाले, "डाक्टर, मला सांगा, मी आंगणवाडीत न्हाई." तो म्हणाला, "आजी, हृदय दमलंय. जपा." दमलंय म्हणजे काय ते मला समजतं. मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच. सत्तरी ओलांडली, नवरा माझ्या हातानं पोचवला, मुलाचं घर मार्गी लागलं. मी तयार होते.

तयार म्हणजे कशी – घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताला म्हणाले, "माझा एक मोठा फोटो काढ. हार घालायच्या मापाचा."

ती कणीक मळत होती. "आई, चहा तरी पिऊ द्या मला."

"पी की. पण काढ. न्हाईतर तुमी आधारकार्डावरचा मोठा करून लावाल. त्यात मी शेळीचोर दिसते."

"त्यात सगळेच शेळीचोर दिसत्यात. माझा बघितला का? मी तर शेळीच दिसते."

"मग तर काढच."

ती हात धुऊन आली, पण तोंड फुगलेलं होतं. गिऱ्हाइकांचे फोटो ती निळ्या पडद्यापुढं काढायची. त्या दिवशी तो पडदा धुऊन दोरीवर टाकलेला. म्हणून तिनं माझ्या अंथरुणावरची पांढरी चादर ओढून काढली आणि भिंतीला खिळ्यांवर अडकवली. त्या चादरीच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकोनी ठिगळ आहे, इस्त्रीनं जळालं होतं तिथं. तिला म्हणाले, "ठिगळ दिसंल." ती म्हणाली, "दिसू दे. तुमचंच हाय." गिऱ्हाइकाचं स्टूल शेजारी गेलं होतं, म्हणून मला माझ्या खुर्चीत बसवलं. माझी खुर्ची म्हणजे लोखंडी नळीची, हिरव्या नायलॉन पट्ट्यांची. पाठीची नळी एका बाजूला वाकलेली. त्या खुर्चीत घरात मीच बसते. सुजाता लग्न होऊन आल्यापासून कधी त्यात बसली नाही. मी नाही म्हटलं असतं असं नाही. ती बसलीच नाही.

तिनं माझे केस चापून बसवले, पदर खांद्यावर नीट घेतला, चष्मा काढायला लावला, कारण त्यात खिडकी चमकत होती.

"हसू का?"

"हसा की. लोकांना वाटू दे, म्हातारी मजेत गेली."

"गेलेय मजेत. सून चांगली भेटली."

असं मी कधी बोलत नाही. तोंडातून निघून गेलं. ती मोबाईल डोळ्यांपुढं धरून उभी होती, त्यामुळं तिचा चेहरा मला दिसला नाही. तिनं लागोपाठ काही फोटो काढले आणि म्हणाली, "झालं. बसा तिथंच, काढूनच दाखवते."

कॉम्प्युटरपुढं बसली. चकचकीत कागद धाकटीत घातला. मोठ्यानं म्हणाली, "धाकटी," आणि बटण दाबलं.

धाकटी गप्प. आणि थोरली घरघरली.

मी खुर्चीतच होते, पदरानं चष्म्याची काच पुसत. मला वाटलं झेरॉक्सचं बटण दाबलं गेलं. थोरलीनं नेहमीसारखं खाकरलं आणि साधा कागद बाहेर टाकला. सुजातानं तो उचलला. चष्म्याशिवाय मला एवढंच दिसलं, की त्यावर एक माणूस आहे, करडं, पट्टे पडलेलं.

"काय आलं गं?"

"माझाच फोटो हाय कुठलातरी."

"कुठला?"

"काचेवर काहीतरी ऱ्हायलं असंल."

तिनं तो कागद दोन्ही हातांनी धरला होता. थोडा वेळ बघत राहिली. मग रद्दीच्या गठ्ठ्यावर पालथा ठेवला. पाठकोरे कागद आम्ही कच्च्या कामाला वापरतो, त्यांचा गठ्ठा. तेवढ्यात खिडकीशी कुणीतरी सातबारा घेऊन आलं, ती तिकडं गेली. नंतर तिनं परत "धाकटी" म्हणून बटण दाबलं, आणि धाकटीतून माझा रंगीत फोटो आला. उत्तम आला. मी हसतेय, ठिगळ दिसतंय. मी चादर काढून परत अंथरुणावर घातली, कारण मला आडवं व्हायचं होतं. विषय संपला.

दोन दिवसांनी आम्ही मंचरला निघालो. माझ्या गोळ्या, थोरलीची वायर, आणि माझ्या फोटोला फ्रेम. मीच घाई केली होती फ्रेमची. फोटो पाकिटात घालून मी मांडीवर धरला होता. दत्तूच्या रिक्षात मी डाव्या अंगाला, बाहेरच्या बाजूला बसले होते, उतरायला सोपं म्हणून. नेहमीच तशी बसते. घरापासून थोडं पुढं गेल्यावर सुजाता म्हणाली, "आई, आत सरका."

"कशाला? बरी हाय मी."

"धूळ येतीय. तुमाला खोकला लागंल."

"लागू दे. मरायला तर निघालेय, फ्रेम करायला चाललोय न्हवं?"

दत्तू हसला. सुजाता हसली नाही. तिनं रिक्षा थांबवायला लावली. उतरली, मला आत सरकवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसली. दत्तू म्हणालासुद्धा, "वहिनी, म्हातारीला एवढं जपता, आमच्या आयला कुणी इचारत बी न्हाई." माझ्या मांडीवरच्या पाकिटावर सुजातानं हात ठेवला होता, उडू नये म्हणून.

पुलाच्या अलीकडं मोटरसायकलवाला आडवा आला. दत्तूनं त्याला वाचवायला रिक्षा कडेला घेतली, चाक डांबरावरून खाली उतरलं, रिक्षा डाव्या अंगावर गेली. पुढचं मी सुरुवातीला लिहिलंय.

आमच्यात तेरावं, दहावं काही नसतं. वंदना घेतात, जमलेली माणसं दोन शब्द बोलतात, गेलेल्याचा फोटो पुढं ठेवून फुलं वाहतात. तर फोटो हवा होता. आणि दुसऱ्यांचे एवढे फोटो काढणाऱ्या बाईचा स्वतःचा धड एक फोटो घरात सापडेना. लग्नाच्या अल्बममध्ये तोंडाला पावडर थापलेली, ओळखू येत नव्हती. बाकी सगळीकडं ती मोबाईलच्या मागं. मोबाईल तर रिक्षाखाली चुरडला होता.

मिलिंद कॉम्प्युटरपुढं डोकं धरून बसला होता. आल्यापासून तो रडला नव्हता, नुसता शोधत होता. मला तेव्हा तो करडा कागद आठवला. मी म्हणाले, "थांब, एक हाय." गठ्ठ्यात मला तो लगेच सापडला. अजून पालथाच होता. मी न बघताच त्याच्या हातात दिला.

त्यानं बघितला. बराच वेळ बघितला.

"आई, हा तू कधी काढलास?"

"मी? मला कुठं येतंय फोटो काढाया?"

"तूच काढलायस. बघ की."

मी चष्मा लावला आणि बघितलं.

पट्टे पडलेले, पण सुजाता स्वच्छ दिसत होती. मागं पांढरी चादर. वरच्या कोपऱ्यात चौकोनी ठिगळ. खांद्यामागं वाकलेली नळी. ती माझ्या खुर्चीत बसली होती. फोटो वाकडा होता, डोक्यावरचा थोडा भाग कापला गेला होता आणि जरा खालून घेतलेला होता. मिलिंद उंच आहे, सुजाताही उंच. आमच्या घरात बुटकी मी एकटी. मोबाईल हातात धरता न येणाऱ्या माणसानं काढावा, तसा तो फोटो होता.

आणि ती हसत होती. हे मिलिंदलाही कळलं, म्हणून तर त्यानं तसं विचारलं. गिऱ्हाइकापुढं ती वेगळी हसायची, नवऱ्यापुढं वेगळी. हे हसू फक्त मला चिडवताना यायचं, एका गालानं, भुवई जरा वर. समोर मी असल्याशिवाय ते कधी यायचं नाही.

मी आयुष्यात एकही फोटो काढलेला नाही. ती चादर भिंतीवर त्या एका सकाळीच लागली होती, आणि लागल्यापासून उतरेपर्यंत मी त्या खोलीत होते, बहुतेक वेळ त्याच खुर्चीत. तो कागद बाहेर आला तेव्हाही खुर्चीत मीच होते.

मिलिंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, तुला धक्का बसलाय." मी म्हणाले, "बसलाय. पण ठिगळ तुला बी दिसतंय ना?"

कार्यक्रम झाल्यावर त्यानं मंचरचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बोलावला. तरणा, बोलका माणूस. सुजाताला ओळखायचा. त्यानं थोरली उलटीपालटी केली.

"मावशी, हिला वायरच न्हाई."

"ते मला म्हाइतीय. उंदरानं खाल्ली."

"मग प्रिंट येणारच न्हाई. नवीन मशीनला हवेतनं पाठवता येतं, ही जुनी हाय, हिला तसलं काही न्हाई."

"काचेवर काही ऱ्हायलं असंल तर?"

"तर झेरॉक्स निघंल. पण मग मूळ फोटो कुठाय?"

तोच तर नव्हता. झाकण उचललं, काच रिकामी. आता इतके दिवस गेल्यावर रिकामी असणारच, त्यानं काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. मग तो म्हणाला, मशीनच्या पोटात जुनं काही साठलेलं असू शकतं. लगेच स्वतःच म्हणाला, लाईट गेली की ते पुसलं जातं, आणि कळंबला लाईट रोज जाते. कॉम्प्युटरमध्ये त्यानं शोधलं. सुजाताच्या मोबाईलमधले फोटो आपोआप तिकडं साठत होते. त्या सकाळचे सगळे सापडले. मी डोळे मिटलेली, मी तोंड उघडं टाकलेली, मी हसलेली. सगळ्यांत मीच. तिचा एकही नाही. आधी नाही, नंतर नाही.

"वहिनींनी तुमच्या तोंडावर त्यांचं तोंड बसवलं असंल, चेष्टेनं. जमतं ते मोबाईलवर," तो म्हणाला.

"बसवलं तरी वायरीशिवाय आलं कसं?"

"ते बी हाय." तो सामान भरायला लागला. पैसे घेतले नाहीत त्यानं. जाताना दारात थांबून म्हणाला, "मावशी, हे कुणाला सांगू नका, लोक काहीबाही बोलतील." मी म्हणाले, "बोलू द्या."

फोटो वायरीशिवाय कसा आला, ह्याचा विचार मी आता करत नाही. मशीन आहे, मशीनचं मला काय कळणार. उद्या कुणी शिकलेला माणूस त्याचं कारण सांगेल आणि मी ते मान्य करीन.

मला दुसरंच सोडत नाही. तिनं तो कागद दोन्ही हातांनी धरला होता. थोडा वेळ बघितला होता. दिवसभर फोटो बघून डोळे तयार झालेली बाई ती. दुसऱ्याच्या फोटोत कॉलर वाकडी असली तर तिला लांबून दिसायची. तिला स्वतःच्या फोटोमागचं ठिगळ दिसलं नसेल? माझी खुर्ची दिसली नसेल? मग ती मला "माझाच फोटो हाय कुठलातरी" असं का म्हणाली, आणि पालथा का ठेवला? आणि रिक्षात धूळ तर रोजच असते. आजवर तिनं कधी रिक्षा थांबवून जागा बदलली नव्हती.

तिला काही कळलं होतं का? का खरंच नुसती धूळ होती? मी रोज विचारते. मेलेली माणसं उत्तर देत नाहीत, हे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलंय. माझं मत बदललेलं नाही. बदलायला मला आवडलं असतं.

मिलिंदनं करडा फोटो फ्रेम करून पुढच्या खोलीत लावला. पट्ट्यांसकट. माझा रंगीत फोटो त्या पाकिटातच आहे. रिक्षातून तो जसाच्या तसा परत आला, कोपरासुद्धा दुमडला नाही. तो मी कपाटात खाली घालून ठेवलाय. मिलिंदला सांगितलंय, फ्रेम करू नको.

धाकटी बंद पडली. शाईचा प्रिंटर वापरला नाही की आतली शाई वाळते, मग तो उठत नाही. सुजाता दर आठवड्याला काम नसलं तरी एक रंगीत कागद काढायची, ते ह्यासाठी, हे आम्हाला नंतर कळलं. थोरली चालू आहे. लोक सातबारा घेऊन येतात, मी काचेवर ठेवते, झाकण लावते, बटण दाबते. ती घरघरते, खाकरते, कागद टाकते. प्रत्येक वेळी कागद सरळ करून बघण्याआधी मी जरा थांबते. सातबाराच असतो.

मी माझ्या खुर्चीत बसणं सोडलं आहे. ती तिथंच आहे, फोटोखाली.

डॉक्टरकडं परवा नेलं होतं. म्हणाले, आजी, आधीपेक्षा बरं आहे.

त्या रिक्षात आम्ही तिघं होतो. दत्तू वाचला. आणि मी वाचले.